चित्रकलेचा पहिला धडा : टाळी आणि ठसा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शाळेच्या वेळापत्रकात एक तास असा असतो की जो बहुधा शेवटी ठेवला जातो आणि परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी कापला जातो. तो म्हणजे चित्रकलेचा तास. आज मी त्याच तासाची बाजू आपल्यापुढे मांडणार आहे. आणि तीही चार ते आठ वर्षांच्या लहान मुलांपुरती.

“चित्रे काढून पोट भरणार आहे का?” असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पोटाला चिमटा घेऊन जो मुलाला शाळेत पाठवतो, त्याला हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. त्याचे उत्तर असे की, बालवाडीतील मुलाला चित्रकार बनविण्यासाठी आपण चित्रकला शिकवीत नाही. रेघ, आकार, रंग, पुनरावृत्ती, समतोल आणि मोकळी जागा या कलेच्या मूळ कल्पना होत. अक्षर म्हणजे रेघा आणि आकार. दोनचा पाढा म्हणजे पुनरावृत्ती. भूमितीत पुढे समतोल येतो. या कल्पना ज्याच्या हाताला आधीच ठाऊक असतात, त्याला पुढचा अभ्यास परका वाटत नाही.

परंतु पाच वर्षांच्या मुलाला ‘पुनरावृत्ती’ची व्याख्या सांगून काय कळणार? ती कल्पना त्याच्या कानातून आणि बोटांतूनच आत गेली पाहिजे. म्हणून संगीत हवे आणि हाताने करायचे काम हवे.

हा विचार नवा नाही. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी जी शाळा काढली, तीत लाकडी ठोकळे, कागदाच्या घड्या, विणकाम आणि गाणी यांना मानाचे स्थान होते. बरोबर शंभर वर्षांनी, १९३७ साली, वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर नई तालीमचा अभ्यासक्रम आखण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे भारताचे राष्ट्रपती झाले. त्या अभ्यासक्रमात मूलोद्योग, मातृभाषा आणि गणित यांच्या जोडीला चित्रकला आणि संगीत हे दोन्ही विषय होते. गरीब देशातील खेड्यांच्या शाळांसाठी आखलेल्या योजनेतही या दोन विषयांना कोणी चैन मानले नाही, ही गोष्ट आपण ध्यानात घ्यावी. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे पाने, बिया आणि खडे यांसारख्या सहज मिळणाऱ्या वस्तूंतून बालवाड्या उभ्या केल्या. तेव्हा साधने महाग आहेत, ही सबब पुढे करण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष काय करावयाचे ते सांगतो.

पहिला धडा रेघेचा. मुलाच्या हाती खडू द्यावा आणि फरशीवर बसवावे. आईने अंगाईच्या चालीवर लांब, संथ सूर धरावा. तो संपेपर्यंत मुलाने रेघ ओढीत जावी. नंतर डब्यावर बोटांनी टपटप वाजवावे. मुलाने तुटक ठिपके काढावेत. पत्र्यावर पडणारा पाऊस आणि लांबून येणारी आगगाडी, या आवाजांच्या रेघा कशा निघतील, हे त्यालाच विचारावे. उत्तर चुकण्याचा येथे प्रश्नच नाही.

दुसरा धडा पुनरावृत्तीचा. केरव्याच्या आठ मात्रा असतात, चार आणि चार अशा. पहिल्या मात्रेवर जोरात टाळी द्यावी आणि पुढच्या तिन्हींवर बोटावर बोट हलकेच आपटावे. ही चाल अंगात भिनली की भेंडीचा देठाकडचा भाग आडवा कापावा. त्याचा ठसा पाच पाकळ्यांच्या फुलासारखा उमटतो. जोराच्या टाळीला लाल ठसा, हलक्या टाळ्यांना पिवळा. एक लाल, तीन पिवळे. पुन्हा एक लाल, तीन पिवळे. कागदाच्या कडेने पाहता पाहता वेलबुट्टीची पट्टी तयार होते. दादऱ्याच्या सहा मात्रा घेतल्या, तीन आणि तीन, की एक लाल आणि दोन पिवळे. नक्षी लगेच बदलते. ताल बदलला की नक्षी का बदलते, हे मग मुलाला समजावून सांगावे लागत नाही.

तिसरा धडा मोकळ्या जागेचा. तो मोठ्या माणसांनाही अवघड जातो. तीनतालाच्या सोळा मात्रांत पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी असते. नवव्या मात्रेवर टाळी नाही, नुसता हात बाजूला करतात. तिला खाली म्हणतात. सात-आठ वर्षांच्या मुलांकडून सोळा चौकटी आखून घ्याव्यात, टाळीच्या चौकटीत ठसा उठवावा आणि खालीची चौकट कोरी ठेवावी. कोरी जागा म्हणजे राहून गेलेली जागा नव्हे, तीही नक्षीचाच भाग आहे, हे येथे शिकता येते.

चौथा धडा रंगाच्या गडद-फिकट छटांचा. चार सारखे काचेचे पेले घ्यावेत आणि त्यांत कमी-अधिक पाणी भरावे. प्रत्येकात कपड्यांच्या निळीचे दोन-दोन थेंब टाकावेत. कमी पाण्याचा रंग गडद, जास्त पाण्याचा फिका. आता चमच्याने हलकेच वाजवून पाहावे. कमी पाण्याचा पेला चढा बोलतो, जास्त पाण्याचा खाली. जलतरंग हे वाद्य याच तत्त्वावर वाजते. डोळ्यांनी पायऱ्या दिसतात आणि कानांनी ऐकू येतात.

समतोलासाठी तर आपल्या शेजारचा शिंपीदादा हाच उत्तम शिक्षक. तो कापड दुहेरी घडी करून कापतो, म्हणून दोन्ही बाजू सारख्या येतात. मुलांनी कागद तसाच दुमडून कात्री चालवावी. काम करताना निम्म्या मुलांनी गाण्याची ओळ म्हणावी, निम्म्यांनी तिला उत्तर द्यावे. डावी बाजू आणि उजवी बाजू म्हणजे काय, हे गाण्यातही कळेल आणि कागदावरही.

आपल्यातील काही घरांत वाद्यांविषयी संकोच असतो, तर काही घरांत सजीवांची चित्रे काढू नयेत असे मानतात. त्या भावनेचा मान राखूनही हे सारे शिक्षण देता येते. टाळी आणि कंठ यांना वाद्य लागत नाही. आकृत्या, जाळी आणि वेलबुट्टी यांना सजीवांच्या चित्राची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा मुलांना दाखवा. तेथील दगडी जाळीत एकच आकृती पुन्हा पुन्हा येते आणि तरी कंटाळा येत नाही. खुशखतीमध्ये कलमाच्या टोकाने उमटणारा नुक्ता हेच माप असते. अक्षर किती नुक्त्यांचे, ते मोजून लिहितात. गवई मात्रा मोजतो तसेच हे.

मिरजेचे उदाहरण तर घरचेच आहे. तेथील शिकलगार मंडळी मूळची हत्यारे घडविणारी आणि त्यांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात ती सतारी आणि तंबोरे बनवू लागली. भोपळ्याचा आकार कसा, तारेखालची घोडी किती घासली, यावर सूर अवलंबून असतो, आणि त्याच भोपळ्यावर सुंदर नक्षीही काढली जाते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण ती लहानपणापासून ऐकत आणि हात लावत शिकली गेली. आपल्या घरांतून सुतारकाम, शिवणकाम, मेंदी, गोधडी यांचा हुनर आहे. मुलगा शाळेत गेला की बापाच्या हातातील हे ज्ञान त्याला कमी दर्जाचे वाटू लागते. ते तसे वाटू नये, असे आपल्याला वाटत असेल, तर शाळेनेच त्याला वर्गात जागा दिली पाहिजे.

पालकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. मुलाचे चित्र पाहून “हे काय काढलेस?” असे दरडावू नका, “मला याची गोष्ट सांग” म्हणा. हात-कपडे रंगले म्हणून रागावू नका. जुना सदरा घालायला द्या. आणि वर्गशिक्षकांना विचारा की, या आठवड्यात चित्रकलेचा तास झाला का? गणिताचा तास बुडाला तर आपण तक्रार करतो; याची चौकशीही तितक्याच आस्थेने करा.

मोठ्या वर्गातील विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही काम आहे. सुटीच्या दिवशी आपल्या मोहल्ल्यातील पाच-सहा लहान मुले जमवा. एक भेंडी, दोन रंग आणि जुनी वर्तमानपत्रे एवढे सामान पुरे. आधी त्यांना टाळी शिकवा, मग ठसा. तासाभराने त्या कागदावर काय उमटते, ते तुमच्या शिक्षकांना आणून दाखवा.