राज्याची सीमा आणि बंदुकीचा व्यवहार



अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ब्रूस अब्राम्स्की नावाचे गृहस्थ राहत. पूर्वी ते पोलिसात होते. २००९ साली पेनसिल्व्हेनियातल्या त्यांच्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांना ग्लॉक पिस्तूल घ्यायचं होतं. जुनं पोलिसी ओळखपत्र दाखवलं तर दुकानात सवलत मिळेल, म्हणून अब्राम्स्की म्हणाले, मी घेऊन देतो. नातेवाइकांनी ४०० डॉलरचा चेक पाठवला. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरताना, 'खरे खरेदीदार तुम्हीच का?' या प्रश्नाला अब्राम्स्कींनी 'हो' असं उत्तर दिलं. पुढे पेनसिल्व्हेनियात जाऊन, तिथल्या परवानाधारक विक्रेत्यामार्फत, रीतसर पडताळणी करून त्यांनी पिस्तूल नातेवाइकांच्या हवाली केलं. बंदूक बाळगायला दोघांपैकी कुणालाच आडकाठी नव्हती. तरीही ते 'हो' खोटं होतं म्हणून खटला झाला, अब्राम्स्की दोषी ठरले, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल कायम ठेवला.

एका 'हो'साठी इतकं? मला हा निकाल योग्य वाटतो, आणि त्याचं कारण १९६३ सालात आहे. त्या वर्षी ली हार्वी ऑस्वाल्डने शिकागोच्या एका दुकानातून खोट्या नावाने रायफल मागवली. ती टपालाने, डॅलसच्या पोस्टबॉक्सवर आली. घेणारा कोण, हे विकणाऱ्याने पाहिलंच नव्हतं. त्याच रायफलीने अध्यक्ष केनेडींचा बळी घेतला. तरी कायदा व्हायला पाच वर्षं लागली. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबरमध्ये गन कंट्रोल ॲक्टवर सही झाली.

तेव्हापासून वेगवेगळ्या राज्यांत राहणाऱ्या दोन खासगी व्यक्तींना परस्पर बंदूक विकता येत नाही. मध्ये केंद्राचा परवाना असलेला विक्रेता लागतो. बंदूक आधी त्याच्याकडे जाते, त्याच्या वहीत चढते. घेणाऱ्याने त्याच्यासमोर ओळखपत्र दाखवायचं, फॉर्म भरायचा. १९९८ पासून एफबीआयच्या यंत्रणेतून पडताळणीही होते. पिस्तूल असेल तर हा विक्रेता घेणाऱ्याच्याच राज्यातला हवा. रायफल किंवा शॉटगन परराज्यातल्या विक्रेत्याकडेही घेता येते, पण दोन्ही राज्यांचे कायदे पाळून. बाप-लेक वेगळ्या राज्यांत राहत असले आणि बंदूक भेट द्यायची असली, तरी वाट हीच. मृत्युपत्राने किंवा वारशाने आलेली बंदूक याला अपवाद आहे; शिकारीपुरती किंवा नेमबाजीपुरती उसनी दिलेलीही. नियम जाणूनबुजून मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

माझी तक्रार वेगळीच आहे. सीमा ओलांडली की जागा होणारा हा केंद्रीय कायदा एकाच राज्यातल्या दोन खासगी माणसांच्या व्यवहारात पडताळणी मागत नाही. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, न्यू जर्सी अशा राज्यांनी स्वतःचे कायदे करून ही फट बुजवली आहे. पण अनेक राज्यांत ती आजही उघडी आहे. समोरचा माणूस बंदूक हाती घेण्यास पात्र आहे का, हे पाहण्याची गरज तो कुठल्या राज्यात राहतो यावर अवलंबून असू नये.

आपली कितीतरी मुलं-मुली तिकडे आहेत, म्हणून आणखी एक सांगतो. विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-वन-बीवर असलेल्यांना बंदूक विकत घेणंच काय, जवळ बाळगणंही सहसा मना आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर घरमालकाची किंवा मित्राची बंदूक सांभाळायला ठेवून घेणंही अंगाशी येऊ शकतं. ग्रीन कार्ड असेल तर ही बंदी लागत नाही, बाकीचे नियम मात्र सगळे लागतात. तेव्हा ग्रीन कार्ड असेल आणि परराज्यातल्या मित्राने 'माझी रायफल घेतोस का?' असं विचारलं, तर पैसे देण्याआधी परवानाधारक विक्रेत्याला गाठा आणि दोन्ही राज्यांचे नियम त्याच्याकडून समजून घ्या. तो या कामाची फी मागेल, ती द्या.