नव्याने बांधलेले इंजिन



आपल्या १९८७ च्या बॅचमध्ये कोणी डॉक्टर झाले, कोणी शिक्षक. मी आयटीआय करून अंबड रोडला गॅरेज टाकले आणि डिझेल इंजिनांचा मिस्त्री झालो. म्हणून इंजिनावरच दोन शब्द बोलतो.

सर, नववीत तुम्ही गोळा आणि कडीचा प्रयोग दाखवला होता. थंड गोळा कडीतून आरपार जायचा, तापवला की अडकायचा. मी परीक्षेत मार्क मिळवले आणि विसरून गेलो.

१९९३ च्या मे महिन्यात एका शेतकऱ्याच्या पाण्याच्या इंजिनाचे फुल काम केले. लायनर, पिस्टन, रिंगा सगळे नवे. मोसंबीला आंबे बहार लागलेला, त्याला घाई होती. मी "घेऊन जा" म्हणालो, पथ्य काही सांगितले नाही. त्याने रात्रभर पूर्ण लोडवर चालवले. पहाटे इंजिन जाम! नव्या रिंगा घासून उष्णता वाढते आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या लायनरपेक्षा जास्त फुगतो. सर, तुमचा गोळा कडीत अडकला होता. मी पुन्हा फुकट काम करून दिले, पण आठ दिवस गेले आणि निम्मी फळे गळाली. तो मला एका शब्दाने बोलला नाही. तेच जास्त लागले.

तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो. पहिले काही दिवस पंपाचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवून हलक्या लोडवर चालवा, मध्ये थांबून थंड होऊ द्या. तासन्तास रिकामेही चालवू नका, रिंगा बसत नाहीत. पहिले ऑइल लवकर बदला, त्यात धातूचा कीस उतरतो. हेडचे नट आणि टॅपिट पुन्हा तपासून घ्या. एअर फिल्टर धुवा, शेतातली धूळ लायनर खाते. डिझेल गाळून घाला. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

मित्रांनो, पन्नाशी ओलांडल्यावर आपल्यापैकी काहींचेही "फुल काम" झाले आहे. त्यांनाही हेच पथ्य लागू!

सर, तो धडा मला उशिरा कळला, पण पक्का कळला. आता गॅरेजमध्ये नवीन पोरगा आला की पान्हा हातात देण्याआधी त्याला गोळा-कडी सांगतो.