जुलैमधलं घर

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण आपण सगळेच जाणतो. ज्यानं कुणी ती केली, त्यानं कष्टांचा अर्धाच हिशेब मांडला. घर बांधून होतं, लग्न करून होतं; नंतर दोन्ही वर्षानुवर्षं निभावावी लागतात. लग्नाबद्दल मी आज काही बोलणार नाही. बोलायचं आहे ते घराच्या डागडुजीबद्दल. कविता लिहिणाऱ्या माणसाला त्यातलं काय कळतं, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. मी गवंडी नाही, इंजिनिअर नाही, साधा बी. ए. झालेला माणूस आहे. पण आमच्या खानदानात अर्ज लिहिण्याचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. ग्रामपंचायतीकडे परवानगी मागायची असो की परगावच्या भावंडांना वर्गणीचं पत्र घालायचं असो, कागद माझ्यापुढे येतो. त्यामुळे दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीतल्या पुष्कळ घरांची छपरं, भिंती आणि भांडणं मला आतून माहीत आहेत.

कोकणातलं जुनं घर पावसाचा विचार करूनच बांधलेलं असे. आमच्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणून जोतं उंच, छपराला चांगला उतार आणि वळचण भिंतीपासून पुरेशी पुढे, म्हणजे पागोळ्या जोत्यापासून लांब पडाव्यात. भिंती जांभ्याच्या. हा दगड खाणीत असतो तेव्हा मऊ असतो, वारा लागला की कठीण होत जातो. पण तो सच्छिद्र असतो. पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडून देतो. छपरावर पूर्वी गवत, मग नळे आणि नंतर मंगळुरी कौलं. बासेल मिशननं मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, आणि एकमेकांच्या खाचेत अडकणारी ही लाल कौलं पुढं साऱ्या किनाऱ्यावर पसरली.

या घराची एकच अट होती. दरवर्षी कुणीतरी वर चढलं पाहिजे. शिमगा आटोपला की मृगाच्या आत केव्हातरी कौलं परतायची, फुटकी काढून नवी घालायची, सांध्यांत अडकलेला पालापाचोळा झाडायचा. याला शाकारणी म्हणत. छपरावरचं गवत कधीच गेलं, शब्द मात्र राहिला. खर्च थोडा, काम दोन-चार दिवसांचं. पण ते चुकवून चालत नसे.

वर चढणारी ती माणसं पुढं मुंबईला गेली, कुवेतला गेली, दुबईला गेली. घरात उरली आई, एखादी मावशी, सासू-सून. पैसा बाहेरून येऊ लागला आणि तो येतो मे महिन्यात. मुलगा पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येतो. त्या वेळी कोकणातलं घर पापडासारखं कोरडं असतं. कुठं गळतं, कोणत्या भिंतीला ओल येते, न्हाणीचं पाणी कुठं तुंबतं, यातलं काही दिसत नाही. दिसतो तो उडालेला रंग. ठेकेदारही रंगांचं आणि फरशांचं पुस्तक घेऊन हजर असतो. पंधरा दिवसांत सगळं ठरतं. ज्याच्या हाती पैसा आहे तो मे महिन्यातलं घर बघतो, आणि जिला घर ठाऊक आहे ती जुलैत तिथं राहते. दुरुस्तीवरचा बराचसा पैसा वाया जातो तो या दोघांचं बोलणं न झाल्यामुळे.

आता स्लॅबचंच पाहा. कौलांवर माकडं नाचतात, शाकारणीला माणूस मिळत नाही, म्हणून कटकट नको, एकदाच स्लॅब टाकून मोकळे होऊ, असं लोक म्हणतात. तक्रार खरी आहे. पण स्लॅब सुट्टीच्या हिशेबानं मे महिन्यात पडतो. तेव्हा विहिरींनी तळ गाठलेला असतो, पाणी टँकरनं विकत आणावं लागतं. नव्या काँक्रीटला निदान सात दिवस, शक्य तर जास्तच, सतत ओलं ठेवावं लागतं. जिथं प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं स्लॅबला पाणी कोण मारणार? सकाळ-संध्याकाळ दोन बादल्या शिंपडल्या की काम उरकलं. त्यात वाळू खाडीची असली तर क्षार लोखंडाला लागतात. सळई गंजते, गंजून फुगते आणि फुगली की काँक्रीट फोडून बाहेर येते. दहा-बारा वर्षांत खालच्या खोलीत खपल्या पडायला लागतात. मग गळती थांबवायला काय करतात? स्लॅबवर पत्र्याची उतरती शेड उभारतात! रत्नागिरीपासून रायगडपर्यंत ही दुमजली टोपी घातलेली घरं तुम्ही पाहिली असतील. जो उतार कटकटीचा म्हणून काढून टाकला, तोच दुप्पट खर्चानं परत डोक्यावर घेतला.

शेडला माझी हरकत नाही, ती नीट बांधावी एवढंच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. दापोली-मंडणगडकडे त्या दिवशी पत्रे कागदासारखे उडाले. कौलंही उडाली, ते खोटं बोलण्यात अर्थ नाही. पण कौल उडालं तर तेवढीच जागा उघडी पडते. पत्रा गेला की एका दमात खोली उघडी पडते, आणि उडता पत्रा दुसऱ्याच्या जिवावर बेततो. वारा पत्र्याच्या कडेला आधी बोटं घालतो. म्हणून कडेला, वळचणीला आणि आढ्याजवळ बोल्ट दाट हवेत, आणि पत्र्याखालचा सांगाडाही भिंतीत पक्का धरलेला हवा. नुसता जड दगड ठेवून भागत नाही.

ओलीचंही तसंच. भिंतीला ओल आली की आपण रंग बदलतो. रंगाचा त्यात काय गुन्हा? जांभ्याच्या जुन्या भिंतीला चुना चालत असे कारण चुन्यातून भिंतीला वाफ सोडता येते. तिच्यावर प्लॅस्टिकसारखा रंग चढवला की आतलं पाणी आतच कोंडतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात फोड धरून रंग सुटतो. आधी पाणी कुठून येतं ते शोधायला हवं. वळचण कापून आखूड केली आहे का, पन्हळ फुटली आहे का, अंगणाची पातळी वाढवून ती जोत्याला भिडवली आहे का? हे शोधायचा मुहूर्त एकच, जुलैतली मुसळधार. घरात जो कुणी असेल त्यानं हातात विजेरी आणि पेन्सिल घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरावं, ओलीच्या कडेनं रेघ ओढावी आणि बाजूला तारीख लिहावी. आठवड्यानं पुन्हा बघावं. रेघ ओलांडून डाग पुढं गेला असेल तर पाणी अजून येतं आहे. त्याचे फोटो परगावच्या मुलांना पाठवावेत. आता ते सोपं झालं आहे. काम मात्र डिसेंबर ते फेब्रुवारीत करावं. भिंती वाळलेल्या असतात, विहिरीत पाणी असतं आणि गवंड्यालाही उसंत असते. मालकाची सुट्टी जुळत नाही म्हणाल तर रंग तेवढा मे महिन्यावर ठेवावा.

शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना वाटेल की हे आपल्यासाठी नाही. पण फ्लॅटलाही जुलै असतोच. आपण मोरीची फरशी बदलतो, तेव्हा तिच्याखालचा पाणी अडवणारा थर फुटतो आणि ते कळतं खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला. हॉल मोठा करायचा म्हणून भिंत पाडण्याआधी ती नुसती आडोशाची आहे की भार वाहणारी, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं. खांबाला आणि तुळईला तर हात लावूच नये. आणि एका बल्बसाठी, एका पंख्यासाठी टाकलेल्या जुन्या वायरीवर आपण फ्रीज, गिझर, मिक्सर, एसी चढवत जातो. छताला नक्षी करण्याआधी त्या वायरी तपासून घ्याव्यात.

नक्षीवरून आमच्या खालाची गोष्ट आठवली. खाला म्हणजे मावशी. तिच्या मुलानं कुवेतहून पैसे पाठवून घर नवं केलं. आरशासारखी चकचकीत फरशी, छताला पीओपीची फुलं, न्हाणीघर घरात, सगळं काही. पाहुणे वर बघून वाहवा करायचे. खाला एकदा म्हणाली, "ते छत मला काय दाखवता बाबांनो, मी तर खाली बघून चालते." आणि खरंच, ती भिंतीला धरून चालायला लागली होती. फरशीची तिला भीती वाटायची. दिवसभर ती ओटीवरच बसायची, कारण ओटीची जुनी खरखरीत फरशी तेवढी राहून गेली होती. न्हाणीघरात उतरायला एक पायरी, दिव्याचं बटण दाराबाहेर लांब. वजूला पाय धुवावे लागतात. सत्तरी उलटलेल्या बाईनं पाय उचलून बेसिनमध्ये कसा ठेवावा? ती बादली घेऊन पुन्हा मागल्या दारी जायची, शेवाळ्यातून. पावसातसुद्धा.

मुलाचं आईवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. पैशाला त्यानं हात आखडला नव्हता. तिला विचारलं नव्हतं, एवढंच. पुढल्या खेपेला तिनं स्वतःच मागितलं: भिंतीत धरायला दांडा, बसायला गुडघ्याएवढा कट्टा आणि त्याच्यासमोर खाली नळ. पायरीच्या जागी उतार झाला, न्हाणीत खरखरीत फरशी आली, पलंगाजवळ दिव्याचं बटण आलं. तीन दिवसांचं काम. छतावरच्या फुलांच्या मानानं खर्च अगदीच किरकोळ. आता घर करणारा कुणीही सल्ला विचारायला आला की मी म्हणतो, आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसामागून दिवसभर फिर. रात्री ते कुठं चाचपडतं ते बघ. तुझी यादी तयार होईल.

आणि आता बंद घरांबद्दल. आमच्या वाडीत आता कुलूपबंद घरं बरीच आहेत. ग्रामपंचायतीच्या आकारणी यादीत, नमुना ८ मध्ये, नाव अजून आजोबांचं असतं आणि वारस असतात अकरा. आमच्या शरियतीप्रमाणे मुलींचाही हिस्सा असतो. हिंदू कुटुंबांतही २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीनं आला. हक्क सगळ्यांचा, म्हणून खर्च कुणाचाच नाही. एक कौल सरकतं. त्यातून येणारं पाणी रिपेवर, मग वाशावर. लाकूड कुजतं, वाळवी लागते, आढं वाकतं. 'घर फिरलं की घराचे वासे फिरतात' असं आपण म्हणतो. इथं आधी वासेच फिरतात. मग मातीत रचलेल्या भिंतीच्या माथ्यात पाणी शिरतं आणि चार-सहा पावसाळ्यांत ती बसते. एका कौलाच्या किमतीपासून हे सुरू झालेलं असतं.

अशा वेळी हमखास एक सूचना येते. 'बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घ्या, म्हणजे दुरुस्तीचा मार्ग मोकळा.' असा कागद लिहायला मी दोनदा नकार दिला आहे आणि त्यासाठी बोलणीही खाल्ली आहेत. कौलं परतायला कुणाला हक्क सोडावा लागत नाही. छप्पर गळतं म्हणून बहिणीचा हिस्सा मागणं हे मला पटत नाही, मग ते घर कुठल्याही धर्माचं असो.

त्यातल्या एका घरातल्या धाकट्या बहिणीनं सरळ सांगितलं, "सही मागू नका, वर्गणी मागा. माझीही घ्या आणि माहेरची एक खोली मला झाडून ठेवा." त्यातून वही निघाली. दर फेब्रुवारीत सगळ्यांनी, बहिणींनीसुद्धा, ठरलेली रक्कम द्यायची. पहिल्या पानावर लिहून ठेवलं की दुरुस्तीला कुणी कितीही पैसे दिले तरी हिश्शात फरक पडणार नाही. खाली अकरा सह्या. किल्ली शेजारच्या बाईकडे. जुलैत दोनदा घर उघडून ती बघते आणि फोन करते. त्याचे पैसेही वहीतून जातात. मी फक्त पहिलं पान लिहिलं. सहा वर्षं झाली, आढं सरळ आहे.

कौलं परतणारा आमच्याकडचा जुना माणूस आता सत्तरीचा आहे. शिडीला हात लावला की घरातल्या बायका त्याला खाली ओढतात. यंदा त्यानं दोन पोरं बरोबर घेतली होती. एकाच्या कानात इअरफोन. म्हाताऱ्यानं ते काढायला लावले, एक कौल हातात घेतलं आणि बोटानं वाजवून त्याच्या कानाशी धरलं. खणखणीत वाजलं ते चांगलं. मग दुसरं वाजवलं. त्याचा आवाज बद्द आला. चीर डोळ्यांना दिसत नव्हती. पोरानं ते बाजूला ठेवलं आणि तिसरं स्वतःच वाजवून बघायला घेतलं.