आडोशाची फेक



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही मंडळींची फसगत झाली असावी. ‘स्क्रीन’ म्हटले की आपल्याला चित्रपटाचा पडदा आठवतो, आणि ‘फुटबॉल’ म्हटले की पायाने मारायचा चेंडू. आम्ही बोलणार आहोत तो फुटबॉल अमेरिकेचा. त्यात चेंडू बहुधा हातातच असतो. त्यातल्या ‘स्क्रीन पास’मधला स्क्रीन म्हणजे पडदा नव्हे, आडोसा. आणि आमचे मैदानही खरे नव्हे. घरात बसून कळा दाबीत खेळायच्या ‘मॅडन’ या व्हिडिओ खेळातले आहे. एवढ्या गंभीर व्यासपीठावर खेळण्याची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शेवटी आपोआप मिळेल, अशी आशा आहे.

आधी खेळाचा पाया सांगतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. मैदान एका गोलरेषेपासून दुसऱ्या गोलरेषेपर्यंत १०० यार्ड. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचे. साधले तर पुन्हा चार प्रयत्न. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. त्याच्यासमोर पाच धिप्पाड लाइनमन भिंतीसारखे उभे असतात, आणि त्याच्याजवळ चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक असतो.

ज्यांचे नाव या खेळाला आहे ते जॉन मॅडन ओकलंड रेडर्सचे प्रशिक्षक होते. १९७७ च्या जानेवारीत त्यांच्या संघाने सुपर बोल जिंकला. पुढे संगणकावरचा खेळ त्यांच्या नावाने काढायचे ठरले, तेव्हा त्या काळच्या यंत्रांना बावीस गडी झेपत नव्हते; कमी गड्यांवर भागवावे असा विचार होता. मॅडन यांनी अकराच्या खाली येण्यास नकार दिला. १९८८ मध्ये खेळ निघाला तो अकरांचाच. २०२१ च्या डिसेंबरात ते वारले. त्यांचा तो हट्ट किती शहाणपणाचा होता, हे आडोशाच्या फेकीत कळते. कारण ही फेक एकट्याची नाहीच.

ती चालते कशी? क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मागे सरकतो, जणू दूरवर फेकणार आहे. लाइनमन समोरच्यांना क्षणभर अडवतात आणि मग मुद्दाम सोडून देतात. प्रतिपक्षाचे वीर वाट मोकळी झाली म्हणून क्वार्टरबॅकवर धावून येतात. तेवढ्यात सुटलेले लाइनमन बाजूला जाऊन भिंत उभी करतात आणि रनिंग बॅक तिच्यामागे जाऊन थांबतो. धावून येणाऱ्यांच्या डोक्यावरून चेंडू त्याच्या हाती पडतो, आणि जे हल्ल्याला निघाले होते ते सगळे मागे राहतात. कोणाला गनिमी काव्याची आठवण झाली असेल. आम्हालाही झाली होती. पण उपमा सुचली म्हणजे खेळ आला, असे होत नाही.

आमचेच पाहा. न्यू जर्सीत भाच्याकडे काही आठवडे राहिलो, तेव्हा त्याने आमच्या हाती ही कळ दिली. आम्ही आडोशाची फेक निवडायचो आणि हटकून तोंडघशी पडायचो. समोरून चारपाच आडदांड गडी येताना दिसले की आमचा धीर सुटे आणि चेंडू लगेच हातचा जाई. लाइनमन अजून जागच्या जागी. आडोसा झालेलाच नाही! रनिंग बॅक एकटा सापडायचा. मग आम्ही थांबू लागलो, तर इतके थांबलो की क्वार्टरबॅकच आडवा झाला. लवकर फेकली तर दुसरा पडतो, उशिरा फेकली तर आपण पडतो. या दोहोंमधले एक-दोन क्षण ओळखणे हीच या फेकीची विद्या.

भाच्याने चार गोष्टी शिकवल्या. पहिली, डोळे धावून येणाऱ्यांवर नव्हे, रनिंग बॅकवर ठेवायचे. तो वळून चेंडूची वाट पाहू लागला की फेकायचे. दुसरी, कळ दाबून धरली तर चेंडू सरळ जोरात जातो आणि मधल्या उंच गड्याच्या हाताला लागतो. हलकेच दाबली तर वरून जातो. तिसरी, चेंडू मिळताच वेगाची कळ दाबायची नाही. लाइनमन जड असतात, त्यांना पुढे होऊ द्यायचे आणि त्यांनी फट पाडली की मग सुसाट सुटायचे. चौथी, प्रतिपक्षाचा एखादा लाइनबॅकर रनिंग बॅकला चिकटलेलाच असेल तर मोह टाळून चेंडू त्याच्या पायाशी खाली मारायचा. प्रयत्न वाया जातो, चेंडू मात्र जात नाही.

ही फेक केव्हा निवडावी? प्रतिपक्ष वारंवार जास्त गडी घालून चालून येत असेल तेव्हा. तो मागेच दबा धरून बसला असेल तर फसवायचे कोणाला? गोलरेषेजवळ जागाच थोडी आणि सगळे पुढे दाटलेले. तिथेही ती बेताचीच. आणि सारखी निवडली तर समोरचा माणूस ती ओळखतो.

या चारांत आम्हाला सर्वांत जड गेली ती तिसरी. चेंडू हाती आला की आम्ही आमच्याच माणसांना ओलांडून पुढे पळायचो आणि एकटे पडायचो. एकदा भाचा हसत म्हणाला, “मामा, ते तुमच्यासाठीच धावताहेत. त्यांना जरा पुढे जाऊ द्या ना!” आम्ही त्या दिवशी खेळ हरलो, पण ते वाक्य घेऊन परतलो. एका वेळी आपल्या हातात एकच गडी असतो. उरलेले दहा आपापले काम करीतच असतात. घरातही आम्ही असेच साऱ्यांच्या पुढे धावत आलो होतो, आणि कोणी मदतीला येत नाही अशी तक्रार वर करीत होतो. मदत आली नव्हती असे नाही. आम्ही तिची वाट पाहिली नव्हती.