दार लावून बसण्याचा सण

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



गेल्या दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबर २०२५ रोजी, आपल्यापैकी काही जणी सोने द्यावयास माझ्या दारी आल्या आणि दार बंद पाहून परत गेल्या. आत माणसांची चाहूल तर होती. “सणासुदीला दार लावून बसायचं, ही कुठली रीत?” असे कुणी म्हणाल्याचे मागाहून माझ्या कानी आले. त्यात रागावण्यासारखे काही नाही. इतकी वर्षे तुमच्यात राहून मीच कधी काही सांगितले नव्हते. म्हणून आज बोलावयास सांगितले तेव्हा हाच विषय घेतला.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. माझे माहेर अलिबागकडचे. आमच्यात परंपरेने सांगतात की, फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे त्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पोथीवाचून कित्येक पिढ्या धर्म टिकला तो घरातल्या रीतीभातींत. कोणत्या दिवशी काय शिजवावयाचे, कधी उपास धरावयाचा, हे बायकांनीच लक्षात ठेवले. म्हणून आमच्या जुन्या सणांची नावेही अस्सल मराठी आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ च्या सुमारास लिहिलेल्या आणि १९३७ साली छापून निघालेल्या आमच्या समाजाच्या इतिहासात ही नावे आलेली आहेत.

हे सारे सण तिशरी महिन्यातले. आमचे महिनेही चंद्राचे. एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना धरतात. त्यामुळे पुष्कळ वर्षी तिशरी आणि आश्विन हातात हात घालून चालतात. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी तसेच झाले. तुमच्या घटस्थापनेच्या सुमारास आमचे नवे वर्ष लागले, दसऱ्याला दारफाळणी आली आणि कोजागिरीच्या रात्री मांडवाचा सण सुरू झाला.

नव्याच्या सणाला मेंढ्याचे शिंग फुंकतात. त्याला शोफार म्हणतात. त्याचा सूर काही गोड नसतो. झोपलेल्या मनाला हाक मारावयाची, एवढेच त्याचे काम. घरोघर नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा करतात, वर्ष गोड जावे म्हणून. त्याच सुमारास पाण्याकाठी जाऊन आपली पापे पाण्यात सोडून देण्याची प्रार्थना करतात. मुंबईची मंडळी समुद्रावर जातात. मी पंचगंगेच्या घाटावर जाते.

पण पदर झटकला आणि पाप वाहून गेले, इतके हे सोपे नाही. त्या दिवसापासून दारफाळणीपर्यंतचे दहा दिवस हिशेबाचे. आमच्या धर्मशास्त्राचे म्हणणे असे की, देवाचा अपराध देव क्षमा करील; परंतु माणसाचा अपराध केला असेल, तर त्या माणसाची समजूत घातल्यावाचून उपासाने तो फिटत नाही. म्हणून या दहा दिवसांत ज्याला दुखावले असेल त्याच्या दारी आपण जावयाचे, आणि मग आपले दार लावून घ्यावयाचे.

दारफाळणी म्हणजे दार बंद करणे. इतर ज्यू या दिवसाला योम किप्पूर म्हणतात. आदल्या दिवशी सूर्यास्ताआधी जेवून घ्यावयाचे, ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. पांढरे वस्त्र नेसावयाचे. चामड्याचे पायताण घालावयाचे नाही, तेव्हा त्या दिवशी आपल्या कोल्हापुरी चपलाही कोपऱ्यात राहतात. जुनी माणसे म्हणत की, वाडवडिलांचे आत्मे त्या वेळी घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात. शिळा सण म्हणजे दारफाळणीचा दुसरा दिवस. त्या दिवशी दार उघडावयाचे, गोरगरिबांना दान द्यावयाचे, इष्टमित्रांकडे जावयाचे.

पुढे चार दिवसांनी मांडवाचा सण. इजिप्तमधून सुटल्यावर आमचे पूर्वज चाळीस वर्षे रानोमाळ झोपड्यांतून राहिले, त्याची ही आठवण. वर पाल्याचे छत घालतात, तेही असे की, त्यातून आकाश दिसावे. पक्क्या घराचा गर्व धरू नये, हा त्यातला बोध. या सणाला प्रार्थनेच्या वेळी हातात म्हाळुंग घेतात. आपल्या अंबाबाईच्या हातातही म्हाळुंगच आहे! प्रथम पाहिले तेव्हा परक्या गावी माहेरचे माणूस भेटावे तसे मला झाले. आमच्या खिरीच्या सणाचाही संबंध काही अभ्यासक याच सुगीच्या सणाशी लावतात; नव्या तांदळाची, गूळ-नारळाची ती खीर असे.

आता राहिलेले सांगते. गेल्या श्रावणात सहलीचा हिशेब चालला असता तीनशे रुपये कमी भरले. मी खजिनदार. मी आपल्यातल्या एका बाईंना भर सभेत विचारले, “पैसे तुमच्याकडेच होते ना?” त्या काही न बोलता उठून गेल्या. आठ दिवसांनी ती रक्कम माझ्याच वहीत, दुसऱ्या पानावर सापडली. मी मुकाट्याने आकडा दुरुस्त केला आणि गप्प बसले.

नव्याचा सण आला, दहा दिवस गेले, आणि मी त्यांच्या दारी गेले नाही. दारफाळणीला दिवसभर उपाशी बसले, प्रार्थना म्हटल्या. पण मन कशात लागेना. बाहेर तुमच्या हाका ऐकू येत होत्या. संध्याकाळी चांदण्या दिसल्या. घोटभर पाणी घेतले, दाराशी कुणी ठेवून गेलेली आपट्याची पाने उचलली आणि तशीच त्यांच्याकडे गेले. झाले ते सांगितले. त्यांनी पाने घेतली, चहा टाकला. निघताना मात्र म्हणाल्या, “माझ्या मनात आता काही नाही. पण तुम्ही विचारलंत चारचौघींत, आणि सांगताय एकटीला.”

त्यांचे म्हणणे खरे होते. म्हणून आज या सभेत सांगते की, ते तीनशे रुपये माझ्याच वहीत होते. त्या बाईंचा काडीचाही दोष नव्हता. त्यांची आणि तुम्हा सर्वांची मी क्षमा मागते.

पुढच्या वर्षी दारफाळणीला माझे दार पुन्हा बंद दिसेल. रुसू नका. दुसऱ्या दिवशी या. दार उघडे असेल.