जागल

सकाळची धार उरकून लेकरांच्या कौतुकासाठी इथवर आलेले आईबाप, आणि आजपासून नावापुढे पदवी लावणाऱ्या मुलामुलींनो,

शनिशिंगणापुरात आलेल्या पाहुण्याने दारांविषयी बोलायचं, हा रिवाजच पडलाय. इथल्या घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत. २०११ साली युको बँकेने शाखा काढली, तीही कुलुपाविना. मीही दारांविषयीच बोलणार आहे, फक्त ती दारं वेगळी आहेत.

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्र उलटल्यावर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ, पिंपळखुट्याला, एक खासगी बस उलटली. पडली ती नेमकी दाराच्या कुशीवर. दार खाली दबलं, इंधन पेटलं आणि २५ माणसं गेली. काचा फोडून जे बाहेर पडले तेवढे वाचले. रस्ता नवाकोरा होता. अशा रस्त्यावर आपण टोल भरतो, तो नक्की कशाचा?

सिमेंट-डांबराचा, असं बहुतेक लोक सांगतील. खर्चाच्या हिशेबात ते बरोबरही आहे. पण तुम्ही शेतकऱ्यांची पोरं आहात, म्हणून तुमच्याच शब्दात सांगतो. ज्वारी हुरड्यात आली की रानात माळा उभा राहतो आणि घरातलं कुणीतरी कांबळं घेऊन जागलीला जातं. पीक पेरलेलं असतं, खतपाणी झालेलं असतं, तरी रानडुकरांच्या एका रात्रीत सगळं भुईसपाट होऊ शकतं. टोल हे त्या जागलीचे पैसे आहेत. ‘तू गाडी चालव, मी जागा आहे,’ असं कुणीतरी कबूल केलेलं असतं आणि पावती त्याची असते.

मी ही कबुली एकदा मोडली आहे. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. एका बोगद्याच्या नियंत्रण कक्षात रात्रपाळीची तपासणी माझ्याकडे होती. कोणत्या ते सांगत नाही. नोंदवहीत कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दर तासाला लिहायचा असतो. रात्रभराचे सगळे आकडे एकसारखे होते, एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेले. विचारलं तर ऑपरेटर हसला. “साहेब, सेन्सर सारखा बोंबलतो, म्हणून गजर काढून ठेवलाय. पंखेही निम्मेच चालतात, बिल फार येतं.” मी सही केली. त्या रात्री काही झालं नाही. काही झालं नाही, म्हणूनच ती सही अजून आठवते.

काही झालं तर काय होतं, ते युरोपने पाहिलं. फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या माँ ब्लाँ बोगद्यात २४ मार्च १९९९ रोजी मार्गारिन आणि पीठ भरलेला ट्रक पेटला. मार्गारिन म्हणजे पावाला लावायचा पदार्थ, त्याला घातक माल कोण म्हणेल? आग ५३ तास धुमसली. ३९ जण गेले, त्यातले बरेच आपापल्या गाडीत बसल्याजागी, धुराने. ११.६ किलोमीटरची एकच नळी, तिच्या दोन टोकांना दोन देशांच्या दोन कंपन्या, दोन नियंत्रण कक्ष. इटलीच्या बाजूने ताजी हवा आत ढकलली जात राहिली आणि धूर पलीकडच्या लोकांवर गेला. पंखे चालू होते, वीजही होती, पण कुठला पंखा केव्हा कुठल्या दिशेने फिरवायचा हे एकाच्या हातात नव्हतं. पिएर्लुचो तिनात्सी हा इटलीच्या बाजूचा मोटारसायकलवरचा सुरक्षारक्षक लोकांना काढायला धुरात शिरला आणि तिथेच गेला. जागल्या तो.

आपल्याकडे इगतपुरी-कसाऱ्याचा सुमारे ८ किलोमीटरचा जुळा बोगदा ५ जून २०२५ला खुला झाला. जुळा असण्याचा फायदा हा की एका नळीत धूर झाला तर मधल्या आडव्या वाटेने दुसरीत जाता येतं. आग विझवायला पाण्याच्या बारीक फवाऱ्याची यंत्रणाही आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी अशा ठिकाणी लागलं, तर पहिल्या दिवशी कागद वाचू नका. चालत जा. आडव्या वाटेचं प्रत्येक दार स्वतःच्या हाताने ढकलून पाहा. त्यामागे कुणी झाडू, बादल्या आणि जुनी खुर्ची ठेवली असेल. ठेवलेलीच असते!

पर्यावरणाचा विषय वेगळा काढून अहवालाच्या शेवटच्या पानावर टाकायची आपल्याला सवय आहे. १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कुणे पुलाजवळ टँकर उलटला, तेव्हा पेटतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर गळलं. मृत्यू चार, त्यात खालून जाणारेही. रस्त्यावरचं सांडलेलं कुठे उतरतं, हा प्रश्न सुरक्षेचा की पर्यावरणाचा? गटार ओढ्याला जोडलेलं असेल तर उत्तर शेजारच्या विहिरीत सापडतं. विहिरीच्या पाण्यावर जगणाऱ्या माणसाला हे फोड करून सांगायला नको.

आणि जागल नेहमी हाकलण्यासाठीच असते असंही नाही. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर जनावरांसाठी रस्ता उचलून खाली वाटा सोडल्या, त्यातली एक तर ७५० मीटर रुंद. २०१९ साली तिथल्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्यप्राणी टिपले गेले, वाघही. जनावराला वाट मिळाली की ते गाडीसमोर येत नाही. वाघ वाचतो, ड्रायव्हरही वाचतो.

त्याच मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसं मेली होती. मग सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांनी मिळून एकेक जागा पाहायला सुरुवात केली: उघडा खांब, तुटका कठडा, कडेला उभा ट्रक. २०१९पर्यंत आकडा शंभराच्या आत आला. कंटाळवाणं काम आहे. यात फीत कापायला कुणी येत नाही.

शनिवारी इथे येणाऱ्या गाड्या पाहा. बंपरला लिंबू-मिरची ताजी, मागचा दिवा मात्र गेलेला. श्रद्धेची थट्टा करत नाही, मीही आज शनिदेवाच्या चौथऱ्यापुढे हात जोडून आलोय. पण घराला दार नसलं तरी चालतं असं मानणाऱ्या गावानेही ट्रॉलीला दिवा नसला तरी चालतं, असं कधी म्हटलेलं नाही.

भाषण इथे थांबवतो, कारण अंधार पडायच्या आत एक काम आहे. गळीत हंगाम चालू आहे. घोडेगाव-सोनईच्या रस्त्यावर उसाच्या जोड ट्रॉल्या लागल्या असतील, मागे ऊस लोंबतोय आणि लाल काही दिसत नाही अशा. माझ्या गाडीच्या डिकीत रिफ्लेक्टर टेपची चाळीस रिळं आहेत, चार कात्र्या आहेत. गाऊन उतरवून ज्यांना यायचंय त्यांनी फाटकापाशी या.