सही नेमकी कोणत्या फाइलवर?
(स्वागताध्यक्षीय भाषण)

छायाचित्रे, मुखपृष्ठे, ध्वनिफिती आणि जाहिराती एका जागी साठवणे म्हणजे डिजिटल संपदा-व्यवस्थापन, असा सर्वसाधारण समज आहे. तेवढे काम हार्ड डिस्कही करते. खरे व्यवस्थापन सुरू होते ते फाइलसोबत तिची माहिती राहू लागली की: चित्र कोणाचे, अंतिम आवृत्ती कोणती, ते कुठे आणि किती काळ वापरता येईल. यातला शेवटचा प्रश्न करारावर अवलंबून असतो आणि करार सहीवर. संपदेचे भांडार आणि मंजुरीची इलेक्ट्रॉनिक सही यांची सांगड कशी घालावी, हा या परिषदेचा विषय. त्यासाठी पुण्यात जमलेल्या प्रकाशक, मुद्रक, चित्रकार, छायाचित्रकार आणि संगणकतज्ज्ञांचे स्वागत समिती मनापासून स्वागत करते.

‘मासिक मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली. आजच्या अंकाचा व्यवहार बहुतेक वेळा असा चालतो: चित्रकाराने आधीच काढून ठेवलेले चित्र मुखपृष्ठासाठी पसंत पडते, बोलणे फोनवर होते, चित्र व्हॉट्सॲपवर येते, मानधन खात्यात जमा होते. पुढे तेच चित्र दिनदर्शिकेवर छापले गेले की कुरबूर सुरू होते. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. अंकाची ई-आवृत्ती न्यू जर्सीतल्या वाचकाला विकायची असेल, तर एका ओळीची ही उणीव महागात पडू शकते. शिवाय व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून चित्रकाराचे नाव आणि हक्काची नोंद गळून जाते. भांडारात पोहोचते ते बेवारस चित्र.

सहीच्या कायदेशीरपणाबद्दल आता शंका घेण्याचे कारण नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ५ विहित पद्धतीने केलेल्या इलेक्ट्रॉनिक सहीला हातच्या सहीचे स्थान देते. मृत्युपत्रासारखे मोजके दस्त वगळले आहेत. २०१५ पासून आधारच्या ओटीपीवर ई-साइन करता येते. डिजिटल सहीचा सातबारा महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला आहे. त्या पीडीएफवर कधी कधी दिसणारे प्रश्नचिन्ह पाहून अनेकांना उतारा खोटा वाटतो. बहुधा त्या संगणकातल्या सॉफ्टवेअरने प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेची ओळख अजून मान्य केलेली नसते, इतकेच.

जोडणीची यंत्रणा अवघड नाही. भांडारात फाइलची स्थिती ‘मंजुरीसाठी’ अशी झाली की सहीच्या सेवेकडे मागणी जाते. सही करणाऱ्याला दुवा मिळतो. सही होताच सेवा भांडाराला कळवते, आणि सही झालेला दस्त, वेळेच्या नोंदीसह, मूळ फाइलला जोडला जातो. करारातली मुदत आणि प्रदेश त्याच वेळी फाइलच्या माहितीत उतरले पाहिजेत. ते पीडीएफच्या पोटातच राहिले, तर मुदत संपल्यावरही चित्र खुशाल डाउनलोड होत राहते.

खरी गोम आवृत्तीत आहे. ‘मुखपृष्ठ फायनल’ला मंजुरी मिळते आणि छापखान्यात जाते ‘मुखपृष्ठ फायनल २’. यावर उपाय हॅशचा. शा-२५६ या पद्धतीने कोणत्याही फाइलचा ६४ अक्षरांचा ठसा निघतो. मुखपृष्ठावरचा एक अनुस्वार हलला तरी सगळा ठसा बदलतो. शेकडो एमबीची फोटोशॉप फाइल किंवा चित्रफीत सहीच्या सेवेला सहसा पेलत नाही. तेव्हा एक पानी मंजुरीपत्रक तयार करावे. त्यावर चित्राची छोटी प्रत, भांडारातला क्रमांक, हॅश आणि वापराच्या अटी असाव्यात, आणि सही त्या पत्रकावर घ्यावी. मूळ फाइल बदलली की मंजुरी आपोआप रद्द झाली पाहिजे. ही अट नसलेली जोडणी नुसती शोभेची. रंगाचे प्रूफ मात्र कागदावरच पाहावे. मोबाइलच्या पडद्यावर मंजूर केलेला केशरी रंग कागदावर विटकरी उतरला, तर सही दाखवून उपयोग नाही.

सगळ्याच गोष्टींवर सही मागणेही चूक. संपादकाने शीर्षकाला होकार दिला, तर भांडारातली नोंद पुरे. सही राखून ठेवावी ती हक्कांचे हस्तांतरण, छायाचित्रातल्या व्यक्तीची संमती आणि अंतिम छपाईचा आदेश यांसाठी. दर तासाला ओटीपी मागणारी व्यवस्था आठवड्यात बाजूला पडते. मालकाचे सहीचे डोंगल हिशेबनिसाच्या खणात आणि पासवर्ड त्यावरच चिकटवलेला, ही कार्यालयीन वहिवाटही जोडणीपूर्वी मोडावी लागेल. एरवी सही कोणी केली, हाच पहिला वाद होईल.

उरतो टिकाऊपणा. ई-साइनचे प्रमाणपत्र अर्ध्या तासापुरते असते. सही करतेवेळी ते वैध होते, हे पुढे दाखवण्यासाठी वेळेचा शिक्का आणि पडताळणीची माहिती दस्तातच साठवावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो. तो मंजुरीच्या दिवशीच काढून ठेवलेला असेल, तर न्यायालयात काम सोपे होते. सेवा पुरवणारी कंपनी बदलताना फाइली, माहिती आणि सही झालेले दस्त एकमेकांशी जोडलेल्या अवस्थेत परत मिळतील, ही अट पहिल्याच करारात घालावी. फाइली बहुतेकदा मिळतात. त्यांच्यातले नाते तेवढे मागे राहते.